सीक्वेन्सरचे ट्रॅक आणि कॉर्ड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या दरम्यान वसलेल्या बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावी गणेशोत्सवातल्या, लग्नसराईतल्या किंवा भजनाच्या कार्यक्रमात पेटी-ढोलकीच्या जोडीला कीबोर्ड दिसू लागला, तरी त्यातल्या सीक्वेन्सरविषयी अनेक चुकीच्या कल्पना रूढ आहेत. ध्वनिनिर्मिती, इफेक्ट आणि वादनाची नोंद ठेवणारा सीक्वेन्सर ज्या एकाच वाद्यात सामावलेले असतात, त्याला वर्कस्टेशन म्हणतात. 1988 मध्ये आलेल्या कॉर्ग एम-1 ने ही रचना लोकप्रिय केली. तिच्यातल्या मांडणीचे निर्णय मात्र यंत्र घेत नाही, ते ताल, पट्टी आणि राग पाहून वादकालाच घ्यावे लागतात.

गैरसमज 1 : ट्रॅकमध्ये आवाज साठवला जातो.

वस्तुस्थिती : 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिडी या संकेतप्रणालीनुसार चालणाऱ्या ट्रॅकमध्ये आवाज नसतो, तर कोणता स्वर, किती जोराने आणि कोणत्या क्षणी वाजला व सुटला याच्या सूचना असतात, स्वरांना 0 ते 127 असे क्रमांक असतात. म्हणूनच एका वाद्यावर सतारीच्या आवाजात नोंदवलेली फाइल दुसऱ्या वाद्यावर पियानोच्या आवाजात वाजू शकते. शिवाय कॉर्ग ट्रायटनसारख्या वर्कस्टेशनात नवे गाणे तात्पुरत्या स्मृतीत राहते आणि ते स्वतंत्रपणे सेव्ह केले नसेल तर वीज जाताच पुसले जाते, ही गोष्ट भारनियमनाची सवय असलेल्या भागात विशेष ध्यानात ठेवावी लागते.

गैरसमज 2 : ट्रॅकचा क्रमांक म्हणजेच चॅनेलचा क्रमांक, आणि 16 ट्रॅक म्हणजे हवे तितके स्वर.

वस्तुस्थिती : ट्रॅक ही नोंदीची जागा आहे, तर चॅनेल हा सूचना पोहोचवण्याचा मार्ग, मिडीच्या एका जोडणीत असे 16 मार्ग असतात. दोन ट्रॅकना एकच चॅनेल दिले, तर बासरीसाठी वाजवलेली ओळ व्हायोलिनच्या आवाजातही ऐकू येऊ शकते. एका वेळी किती ध्वनी निघतील हे पॉलिफनीवर, म्हणजे वाद्याच्या एकत्रित ध्वनिक्षमतेवर ठरते. एम-1 ची ही मर्यादा 16 होती, आणि दोन ऑसिलेटर, म्हणजे दोन ध्वनिस्रोत, वापरणाऱ्या आवाजात ती 8 वर येई. अशा आवाजात चार स्वरांची एक कॉर्डच निम्मी क्षमता व्यापत असे.

गैरसमज 3 : गायकाची पट्टी बदलली की सगळे ट्रॅक सारखेच ट्रान्सपोज करावेत.

वस्तुस्थिती : काळी एकचे गाणे काळी दोनमध्ये न्यायचे, तर सुरांचे ट्रॅक दोन अर्धस्वर वर सरकवावे लागतात; तालवाद्यांचा ट्रॅक मात्र जागेवरच ठेवावा, कारण तिथे कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीवर स्वर नसून वेगळे वाद्य असते. 1991 च्या जनरल मिडी मानकात तालवाद्ये दहाव्या चॅनेलवर असून 36 हा क्रमांक बास ड्रमचा आणि 38 हा स्नेअरचा आहे. त्यामुळे तो ट्रॅकही दोन पायऱ्या चढवला, तर बास ड्रमच्या जागी स्नेअर वाजू लागतो.

गैरसमज 4 : क्वांटाइझ केले की ताल पक्का होतो.

वस्तुस्थिती : क्वांटाइझ म्हणजे प्रत्येक आघात ठरावीक जाळीच्या जवळच्या रेषेवर ओढून बसवणे. एका मात्रेचे 480 सूक्ष्म भाग धरले, तर चार समान तुकड्यांच्या जाळीत 120, 240 आणि 360 या रेषा येतात, पण मात्रेचे तीन समान भाग करणारे आघात 160 आणि 320 वर पडतात. ही जाळी लावताच ते 120 आणि 360 वर सरकतात, 160-160-160 हे समान अंतर 120-240-120 असे होते आणि ठेक्याचा डौल मोडतो. अशा चालीला ट्रिपलेटची जाळी निवडावी, आणि सात मात्रांच्या रूपकासाठी नोंद सुरू करण्यापूर्वीच मीटर 7/8 किंवा 7/4 करावे.

गैरसमज 5 : कॉर्डची सोय सुरू केली की योग्य कॉर्ड आपोआप लागते.

वस्तुस्थिती : एकबोटी पद्धतीत एकच पट्टी दाबली की बहुतेक वाद्ये त्या स्वरावरची मेजर कॉर्ड देतात, राग कोणता हे त्यांना ठाऊक नसते. भूप रागात सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर असल्यामुळे सा-ग-प ही मेजर आणि ध-सा-ग ही मायनर या दोनच तीनस्वरी कॉर्ड रागाच्या चौकटीत बसतात. रे वरची मेजर लावली तर तीव्र मध्यम येतो, प वरची लावली तर निषाद येतो, आणि दोन्ही स्वर भूपात वर्ज्य आहेत. भैरवीत गंधार कोमल असल्याने सा वर मायनर लागते. कॉर्ग एम-3 सारख्या वाद्यात एका पॅडवर आठपर्यंत स्वर आधीच नेमून ठेवता येतात, त्यामुळे रागाला साजेशा कॉर्ड कार्यक्रमापूर्वीच बसवता येतात. नोंद करताना मात्र त्या कॉर्डचे स्वर ट्रॅकमध्ये सुटे सुटे उतरतात, म्हणून त्यातला एखादा नंतर वगळणेही शक्य असते.

यावरून मांडणीचा क्रम स्पष्ट होतो. आधी तालाप्रमाणे मीटर आणि जाळी ठरवावी, मग प्रत्येक वाद्याला स्वतंत्र चॅनेल द्यावे, त्यानंतर गायकाच्या पट्टीनुसार सुरांचे ट्रॅक सरकवून रागात बसणाऱ्या कॉर्ड नेमाव्यात, आणि प्रत्येक टप्प्यानंतर गाणे सेव्ह करावे. हा क्रम पाळला, तर महागड्या वर्कस्टेशनइतकाच साधा सीक्वेन्सरही साथीला उपयोगी पडतो.