पाच आकडी नंबर आणि आपली पोर

अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका रिचार्जच्या दुकानात २००९ साली पाहिलेलं एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. काउंटरशी पन्नाशीच्या एक काकू उभ्या होत्या. हातातला फोन मुलाचा, बटणांचा, मागचं झाकण रबराने आवळलेलं. दुकानातल्या पोराला त्या म्हणत होत्या, "भाऊ, पन्नासचं टाक. अन् थे मेसेजचं बी तूच करून दे. मले इंग्रजीत नाव लिहिता येत नाही." पोराने नाव लिहिलं, पाच आकडी नंबर टाकला, मेसेज गेला. काकू म्हणाल्या, "अजून टाक. सरेलोक टाक." पोरगा एकेक मेसेज पाठवत होता आणि काकू बोटांवर मोजत होत्या. मध्येच त्यांनी रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहिलं. "लवकर कर बाप्पा, मी घरी जाईलोक लाइन जाईन."

काकू ज्या पोरीसाठी पैसे सरेपर्यंत मताचे मेसेज टाकत होत्या ती गायिका वैशाली भैसने-माडे. गाव अमरावती जिल्ह्यातलं खारतळेगाव, सासर वर्धा जिल्ह्यातलं हिंगणघाट. झी मराठीवरचं 'सा रे ग म प' जिंकून ती हिंदीतल्या 'सा रे ग म प चॅलेंज २००९' मध्ये पोचली होती. तिथे परीक्षकांच्या मार्कांइतकंच, शेवटी शेवटी तर त्याहून जास्त, वजन लोकांच्या मताला होतं. ते पर्व तिने जिंकलं. 'चॅलेंज' मालिकेत २००५ ला आसामचा देबोजित साहा आणि २००७ ला बंगालचा अनीक धर विजेते झाले होते. त्या यादीत आलेलं पहिलं बाईमाणूस वऱ्हाडातलं.

ते दिवस आठवून पाहा. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले होते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं. दिल्ली-मुंबईच्या वाहिन्यांवर आमच्या जिल्ह्यांचं नाव यायचं ते शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीखाली. भारनियमन इतकं की गावात संध्याकाळचा कार्यक्रम पूर्ण दिसला तर नशीब. अशा काळात देशभर दिसणाऱ्या मंचावर एक मुलगी उभी राहते, तिच्या नावापुढे अमरावती येतं आणि सगळा देश ऐकतो ते तिचं गाणं. पन्नासचं रिचार्ज त्या काकूंनी कशासाठी केलं ते मला तेव्हाच कळलं होतं. सहा जिल्ह्यांचं नाव एकदा तरी चांगल्या कारणासाठी घेतलं जावं, याची ती किंमत होती.

आता हे मत म्हणजे नेमकं काय, ते नीट समजून घेऊ. याला आपण व्होटिंग म्हणतो, पण निवडणुकीच्या मतदानाशी त्याचं नातं फार थोडं. निवडणुकीत माणशी एक मत. इथे ज्याच्याकडे बॅलन्स जास्त त्याची मतं जास्त. शिवाय तो मेसेज साधा नसायचा. स्पर्धेच्या खास नंबरावर गेलेल्या मेसेजला जादा दर लागायचा आणि महिन्याच्या मेसेज-पॅकमध्ये तो बसायचा नाही. त्या पैशात मोबाइल कंपनीचा वाटा असायचा आणि कार्यक्रम करणाऱ्यांचाही. यात पैसा किती होता, याचा एक हिशेब थेट कोर्टापर्यंत गेला. २००७ च्या 'कौन बनेगा करोडपती'त घरबसल्या प्रेक्षकांसाठी एक स्पर्धा होती आणि तिचा मेसेज २ रुपये ४० पैशांना पडायचा. सुमारे ५ कोटी ८० लाख मेसेज आले. गुणाकार केला तर जवळपास १४ कोटी होतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि मोबाइल कंपनीला १ कोटीचा दंड ठोठावला, तो सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केला. ती स्पर्धा गाण्याची नव्हती, तरी मेसेज दोन-अडीच रुपयांचा असला म्हणजे त्याच्या मागे केवढी उलाढाल असते, हे त्यातून दिसतं.

म्हणून मतं जमवायच्या अशा मोहिमेत गाण्याच्या जाणकारापेक्षा माणसं जमवणारा जास्त उपयोगी पडतो. मंडळाची पोरं, कॉलेजचा कट्टा, रिचार्जवाला, गावातला पुढारी आणि "मत द्या" म्हणून चौकात लागलेलं बॅनर, ही या मोहिमेची खरी यंत्रणा. २००७ च्या 'इंडियन आयडॉल'मध्ये प्रशांत तमांगसाठी दार्जिलिंग आणि सिक्कीमच्या डोंगरांत हेच झालं. समोर शिलाँगचा अमित पॉल होता, त्याच्यामागे मेघालय. ज्या भागाला आपली देशाने कधी दखल घेतली नाही असं वाटतं, तो भाग जास्त जोराने मत देतो. यात मला वावगं काही दिसत नाही. दुखऱ्या प्रदेशाला बोलायला मिळालेली ती एक जागा होती.

वैशालीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट वेगळी होती आणि त्या गोष्टीबद्दल फारसं कुणी बोललेलं नाही. पुरुष स्पर्धकाला एकच गाव असतं. लग्न झालेल्या बाईला दोन असतात, माहेर आणि सासर. एरवी हीच दोन गावं तिची ओढाताण करतात. माहेर म्हणतं, दिली तिथे गेली. सासर म्हणतं, आलेली आहे. अशी मोहीम सुरू झाली की दोन्ही गावं हक्क सांगायला पुढे येतात. अमरावतीसाठी ती लेक, हिंगणघाटसाठी सून. माझ्या मते वऱ्हाडात आणि वर्धेकडे या मोहिमेने जे सगळ्यात मोठं काम केलं ते हेच. घरच्या सुनेने रात्री टीव्हीवर गावं, हे अभिमानाने सांगण्यासारखं झालं.

२००९ हे सालच वेगळं होतं. त्याच वर्षी 'इंडियन आयडॉल' त्रिपुराच्या सौरभी देबबर्माने जिंकलं, त्या स्पर्धेतली ती पहिली स्त्री विजेती. झी मराठीच्या 'लिटिल चॅम्प्स'मध्ये आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत असे एकाहून एक सरस गळे असताना आळंदीची कार्तिकी गायकवाड पहिली आली. तीन मंच, तीन मुली. तेव्हा वाटलं, आता हे असंच होत राहणार.

तसं झालं नाही. 'इंडियन आयडॉल'च्या मोठ्यांच्या पर्वांत सौरभीनंतर पुढची स्त्री विजेती यायला २०२५ उजाडलं, ती कोलकात्याची मानसी घोष. मध्ये सोळा वर्षं गेली. अंतिम फेरीत मुली अनेकदा असायच्या आणि परीक्षक उभे राहून टाळ्या द्यायचे. पण मतांची मोजणी संपली की नाव मुलाचं. झीवर चित्र जरा बरं राहिलं, इशिता विश्वकर्मा आणि नीलांजना रे तिथे जिंकल्या. अमेरिकेतही हेच घडलं. 'अमेरिकन आयडॉल' २००८ ते २०१२ सलग पाच वर्षं मुलांनीच जिंकलं. २०१३ ला शेवटच्या पाच जणांत पाचही मुली राहिल्या, तेव्हा कुठे कँडिस ग्लोव्हर विजेती झाली.

कारणं शोधताना लोक पटकन म्हणतात, बायका बायकांना मत देत नाहीत. हे मला मान्य नाही. मत द्यायला आधी फोन हातात लागतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के जणींनीच सांगितलं, की स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याकडे आहे. जवळपास निम्म्या जणींकडे तेव्हाही नव्हता. दहा वर्षं आधी काय स्थिती असेल ते सांगायला नको. टीव्हीसमोर बसणारी आई, आणि मत जाणार मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या फोनवरून. त्या मताचा कल पोरांच्या मंडळात ठरलेला. दुकानातल्या त्या काकू म्हणूनच मला मोलाच्या वाटतात. फोन मुलाचा आणि टाइप करणारी बोटं परक्याची असली, तरी नाव त्यांनी ठरवलं होतं.

बायकांनी बायकांसाठी मतं गोळा केली की काय होतं, ते चीनने २००५ मध्ये पाहिलं. हुनान वाहिनीच्या 'सुपर गर्ल' या स्पर्धेत फक्त मुली गात होत्या आणि मत मोबाइलच्या मेसेजवरून द्यायचं होतं. आखूड केसांची, सैल शर्ट घालणारी ली युचुन ३५ लाखांवर मतं घेऊन जिंकली. तिच्या चाहत्या स्वतःला 'युमी' म्हणवून घेत, म्हणजे मका. रस्त्यात, बाजारात अनोळखी माणसाला थांबवून त्या म्हणत, तुमच्या फोनवरून एक मत द्या. दोन वर्षांत सरकारने अशा स्पर्धांतलं मेसेजचं मतदान बंद केलं.

या वेडाची काळी बाजूही आहे, ती लपवून चालणार नाही. २०२१ मध्ये चीनमध्येच एका स्पर्धेची मतं दुधाच्या बाटलीच्या झाकणात ठेवली गेली. चाहत्यांनी झाकणं काढून घेतली आणि दूध नाल्यात ओतलं. दक्षिण कोरियात 'प्रोड्यूस' नावाच्या मालिकेत, मुलींच्या 'प्रोड्यूस ४८' सकट, निर्मात्यानेच मतं फिरवली होती. २०२० मध्ये त्याला दोन वर्षांची कैद झाली. ज्या मुलींना आपण निवडलं असं लोकांना वाटत होतं, त्यांची नावं आधीच ठरलेली होती. म्हणून मत देणाऱ्याने एवढं विचारलंच पाहिजे की एकूण मतं किती पडली आणि ती कुणी मोजली. आपल्याकडे वाहिन्या हे आकडे क्वचितच पूर्ण सांगतात, हे मला पटत नाही.

आता मेसेजचा जमाना गेला. मधल्या काळात मिस्ड कॉल आला, आता ॲप आहे. मोबाइल नंबरने किंवा ईमेलने लॉगिन करायचं आणि ठरलेल्या संख्येइतकी मतं द्यायची. मतामागे पैसे लागत नाहीत, ही फार मोठी सुधारणा. मात्र एकाच माणसाने दहा लॉगिन काढायची वाट अजून मोकळी आहे आणि मोहिमा ती वापरतात. असं करू नका. आपली पोर चांगली गाते असं आपल्याला वाटतं ना, मग तिला उसनी मतं कशाला?

वैशालीपुढे मतांचा प्रश्न पुन्हा आला तो दहा वर्षांनी. २०१९ च्या 'बिग बॉस मराठी'च्या दुसऱ्या पर्वात ती होती आणि त्याच घरात अमरावतीचा शिव ठाकरेही होता. ते पर्व शिवने जिंकलं. अमरावतीला पुन्हा विजेता मिळाला आणि तिथल्या राजकमल चौकाला पुन्हा आनंद झाला. तो खेळ गाण्याचा नव्हता, म्हणून त्याच्यावरून गायिकेची परीक्षा करू नये. तिची खरी गोष्ट गाण्यात चालू होती. २०१५ ला 'बाजीराव मस्तानी'तलं 'पिंगा' तिने श्रेया घोषालबरोबर गायलं, २०१९ ला 'कलंक'मधलं 'घर मोरे परदेसिया' पुन्हा तिच्याचबरोबर. किताब आणि 'पिंगा' यांच्यात सहा वर्षं आहेत. त्या सहा वर्षांत मेसेज पाठवणारे आपण सगळे कुठे होतो, हा प्रश्न मला सतावतो. मोहीम अंतिम फेरीच्या रात्री संपते. गायिकेची गरज दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. तेव्हा तिला लागतात कार्यक्रम, ठरलेलं मानधन वेळेवर देणारे आयोजक आणि तिकीट काढून येणारे श्रोते.

म्हणून अकोला-अमरावतीच्या वाचकांना दोनच गोष्टी सांगतो. पुढच्या वेळी वऱ्हाडातली एखादी मुलगी अशा मंचावर दिसली, की आधी आईच्या आणि बायकोच्या फोनवर ते ॲप घालून द्या आणि बाजूला व्हा. नाव त्यांना निवडू द्या, बटण त्यांना दाबू द्या. आणि आपल्या मंडळाच्या गणपतीत, भीमजयंतीला, नवरात्रात, भजनांवर वाढलेली अशी एखादी पोर गावात असेल, तर या वर्षी तिला बोलवा. बाहेरच्या ऑर्केस्ट्राला जेवढं मानधन देता तेवढंच तिलाही द्या, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री द्या.