खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी आणि तिची गाळणी

समुद्रातील मासा घरातील काचेच्या पेटीत आला की त्याला सर्वांत मोठे भय असते ते स्वतःच्याच उत्सर्जनाचे. त्याच्या कल्ल्यांतून आणि उरलेले अन्न कुजण्यातून अमोनिया हे विषारी द्रव्य निर्माण होते. समुद्रात ते क्षणात विरून जाते. दीडदोनशे लिटरच्या पेटीत ते साचतच राहते. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे नायट्रेट बनवतात. हे शेवटचे द्रव्य बरेच सौम्य असून अधूनमधून थोडे पाणी बदलल्याने आटोक्यात राहते. जीवाणूंची ही वसाहत पुरेशी वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात, आणि खरी गाळणी हीच होय. दुकानातून आणलेले महागडे यंत्रदेखील पहिल्या दिवशी रिकामे घरच असते.

हे घर हौशी माणसाने स्वतः बांधण्यास काहीच हरकत नाही. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली, तीत समुद्रातून आणलेले सजीव खडक आणि हवेचे बुडबुडे यांपलीकडे फारसे काही नव्हते. भारतात मात्र ही वाट तशीच धरता येत नाही. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. किनाऱ्यावरून प्रवाळखडक उचलून आणणे हा गुन्हा ठरतो. त्याऐवजी चिनी मातीच्या सच्छिद्र कड्या वापराव्यात. त्यांच्या रंध्रांत जीवाणू सुखाने नांदतात.

या कड्या ठेवण्यासाठी मुख्य पेटीच्या खाली दुसरी टाकी असते. वरचे पाणी काठावरून सांडून खाली येते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. काच आणि बुरशीनाशक न मिसळलेले सिलिकोन एवढ्यावर ही टाकी घरी तयार होते. फसगत होते ती मापात. नव्वद सेंटिमीटर लांब व पंचेचाळीस रुंद पेटीत पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली, तर चार लिटर पाणी खाली येते. वीज गेली आणि परतीच्या नळीचे तोंड पाण्यात पंधरा सेंटिमीटर बुडालेले असले, तर पाणी त्याच नळीतून उलटे वाहू लागते आणि सुमारे साठ लिटर पाणी खाली उतरते. खालच्या टाकीत तेवढी जागा नसेल, तर दिवाणखान्याची जमीन ते सामावून घेते! पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली त्या नळीला एक बारीक भोक पाडले, की तेथून हवा शिरते आणि प्रवाह तुटतो. ते भोक क्षारांनी बुजते, हे मात्र विसरू नये.

प्रोटीन स्किमर या फेसगाळणीची गोष्ट निराळी. खाऱ्या पाण्यात बुडबुडे फार बारीक राहतात. त्यांच्या पृष्ठभागाला सेंद्रिय मळ चिकटतो आणि तपकिरी फेस होऊन वरच्या पेल्यात जमतो. उंच नळकांडे आणि लाकडाचा सच्छिद्र ठोकळा घेऊन अशी गाळणी घरी करता येते, व ती चालतेही. पण लाकडाची छिद्रे काही आठवड्यांतच बुजतात आणि फेसाची उंची रोज जुळवत बसावे लागते. ज्याला त्या खटपटीतच आनंद आहे त्याने ती अवश्य करावी. इतरांनी विकत घ्यावी.

पंप आणि पाणी तापवणारी कांडी यांबाबत मात्र हौसेला वाव नाही. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे, आणि सांध्यातील चूक माणसाच्या जिवावर बेतू शकते. खाऱ्या पाण्यासाठीच बनवलेला पंप घ्यावा. पितळेची तोटी किंवा तांब्याचा सुटा भाग पाण्याशी येऊ देऊ नये, कारण विरघळलेले तांबे कोळंबी व समुद्रफूल यांना अल्प प्रमाणातही मारक ठरते. घरी केलेल्या टाकीवर वाचलेल्या पैशांतून बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप आणून ठेवावा. रात्री वीज गेल्यावर मासे आणि ते जीवाणू, दोघांनाही प्राणवायू त्यातूनच मिळणार असतो.