दोन अर्ध्या पिंपांचे पीठ

आमच्या घरी सध्या एकाच माणसाची चर्चा दोन भाषांत चालते. सातवीतली मुलगी लॉरा इंगल्स वाइल्डर हिची पुस्तके कन्नड अनुवादात वाचते, मी इंग्रजीत, आणि जेवताना बोलणे मराठीत. विषय मात्र लॉरा नव्हे, तिचा बाप चार्ल्स. व्हायोलिन वाजवणारा, कशालाही न डगमगणारा. मुलगी म्हणाली, "असे बाबा खरेच असतात का हो?" प्रश्नातली खोच कळली. मी इतिहासाचा मास्तर. नोंदी धुंडाळायला बसलो.

चार्ल्स इंगल्सचा जन्म १८३६ चा, न्यूयॉर्क राज्यातला. १८६० मध्ये कॅरोलिनशी लग्न. पुढची वीस वर्षे म्हणजे नुसती बिऱ्हाडे. १८६९ मध्ये कॅन्ससमध्ये त्याने घर बांधले ते ओसेज या मूळ रहिवाशांच्या राखीव जमिनीवर. ती कायद्याने त्याची नव्हतीच. १८७१ मध्ये तो विस्कॉन्सिनला परतला. तिथली शेती विकत घेणाऱ्याला पैसे देणे जमले नव्हते, हे परतण्याचे खरे कारण. कादंबरीत मात्र सरकारी सैनिक हुसकावतील अशी भीती आहे.

मग मिनेसोटा, १८७४. गहू उभा राहिला आणि टोळधाड आली. रॉकी पर्वताकडचे हे टोळ. १८७५ मधल्या एका धाडीचा विस्तार १,९८,००० चौरस मैल असावा असा त्या काळी अंदाज केला गेला. म्हणजे आजच्या आपल्या अख्ख्या कर्नाटकाच्या अडीचपटीहून जास्त! चार्ल्सने पूर्वेकडे जाऊन दुसऱ्यांच्या शेतात कापणीची मजुरी केली. तरी भागेना. १८७५ च्या नोव्हेंबरअखेर, घरात महिन्याचे तान्हे बाळ असताना, आपण पूर्णपणे निर्धन आहोत असे शपथेवर लिहून देऊन त्याने सही केली. सरकारी मदत मिळाली दोन अर्धी पिंपे पीठ.

या कागदाशी मी अडखळलो. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आजोबांनी रेशनचा तांबडा मिलो आणला होता. शेवटपर्यंत त्यांनी त्याचे नाव घरात काढू दिले नाही. आजीने सांगितले, तेही ते गेल्यावर.

ते तान्हे बाळ, फ्रेडी, ऑगस्ट १८७६ मध्ये गेले. नंतर आयोवात बर ओक गावी कुटुंब हॉटेलात राबले. भाडे थकलेले, घरमालक जाऊ देईना. शेवटी रातोरात गाडी जुंपून निघावे लागले. फ्रेडी, बर ओक आणि ती रात्र, यांतले काहीच मुलांच्या पुस्तकांत नाही. लॉराने १९३० मध्ये लिहिलेल्या आठवणींत रात्रीचा प्रसंग आहे. त्या आठवणी टीपांसह छापल्या गेल्या थेट २०१४ मध्ये.

आणि गंमत बघा. असा कर्ज चुकवून पळालेला माणूस दोनच वर्षांनी, १८७९ मध्ये, वॉलनट ग्रोव्हला 'जस्टिस ऑफ द पीस' होतो! म्हणजे गावातले किरकोळ तंटे निवडणारा न्यायाधीश. लोकांनी निवडून दिलेला. सुनावण्या घराच्या पुढच्या खोलीत चालत, बायकामुली स्वयंपाकघरात. त्याच वर्षी मोठी मुलगी मेरी आंधळी झाली आणि तो रेल्वेच्या हिशेबनीसाचे काम धरून डकोटात गेला. तिथे वसलेल्या डी स्मेट गावात तो पुन्हा न्यायाधीश झाला, डेप्युटी शेरीफ झाला, चर्चच्या स्थापनेत पुढे राहिला. १८८० मध्ये नोंदवलेली होमस्टेडची जमीन १८८६ मध्ये नावावर झाली. इतक्या वणवणीनंतर मिळालेली ती जमीनही त्याने १८९२ मध्ये विकली. शेतकरी म्हणून तो फारसा यशस्वी झाला नाही, असेच मला वाटते. गावाला मात्र तो हवा होता.

८ जून १९०२ रोजी तो गेला. त्या टोळांच्या जातीचे जिवंत नमुने शेवटचे सापडले तेही १९०२ मध्येच. पुढे ती जातच नामशेष झाली.

हे सगळे मुलीला सांगितले, पिठाच्या कागदासकट. सांगावे की नाही, दोन दिवस घोळत होते. तिने विचारले, "सही केली तेव्हा लॉरा केवढी होती?"

"आठ वर्षांची."

"मग तिला माहीत असणार," म्हणाली, आणि पुन्हा पुस्तकात डोके घातले.