केबिन क्रू व्हायचंय? आधी हे वाचा

भाचीच्या मैत्रिणीनं परवा विचारलं, "मावशी, केबिन क्रूसाठी दिसणं किती महत्त्वाचं?" याच क्षेत्रात काम करते, म्हणून मनापासून सांगते. नीटनेटकेपणा हवाच, पण खरा कस वेगळ्याच गुणांचा लागतो.

🔹 प्रसंगावधान
२ जानेवारी २०२४. टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले. उद्घोषणा यंत्रणा बंद पडली, तेव्हा क्रूनं मेगाफोनवरून आणि ओरडून सूचना दिल्या. त्या प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण बाहेर पडले.

🔹 सजगता
टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी आम्ही जंपसीटवर गप्प बसलेले दिसतो. मनात मात्र उजळणी चालू असते: दार कसं उघडायचं, बाहेर आग दिसली तर काय, मदतीला कोण?

🔹 ठामपणा
"बॅगा राहू द्या, बाहेर पडा!" हे आणीबाणीच्या वेळी दरडावूनच सांगावं लागतं.

🔹 संयम
रडणारं बाळ, पहिल्यांदाच विमानात बसलेल्या आजी, चिडलेला प्रवासी. प्रत्येकाशी आपुलकीनंच बोलायचं.

इंग्रजी सरावानं सुधारतं. माणसांची आवड मात्र मुळातच हवी.

तयारी करताय? प्रश्न खाली विचारा, नक्की उत्तर देईन.