इंचाचा लेथ, मिलिमीटरचे आटे

लेथवर आटे पाडताना जॉबच्या एका फेऱ्यात टूल नेमके एका पिचाइतके सरकावे लागते. स्पिंडल आणि लीड स्क्रू यांमधील दातेरी चाके हे प्रमाण सांभाळतात. लीड स्क्रू इंची मापाचा असेल आणि मिलिमीटरचे अचूक आटे हवे असतील, तर १२७ दातांचे चाक लागते, कारण २५.४ ची पाचपट १२७, आणि ही संख्या अविभाज्य आहे. ६३ दातांच्या चाकावर काम भागवणारेही आहेत. आखूड बोल्टला ते खपून जाते. मात्र अशा कामात हाफ नट मध्येच उघडू नये. टूल बाहेर काढून यंत्र उलटे फिरवावे. नट उघडल्यास तीच जागा पुन्हा साधणे कठीण. टूल खाचेऐवजी आट्याच्या माथ्यावर चालते आणि जवळजवळ पुरा झालेला जॉब भंगारात जातो.