इंधनघटाला गिऱ्हाईक हवंय

१९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, पूर्वेकडच्या नदीकाठाजवळ एक वेगळंच वीजकेंद्र उभं राहत होतं. त्यात बॉयलर नव्हता, टर्बाइन नव्हतं, फिरणारं जनित्रही नव्हतं. फॉस्फोरिक आम्ल धरून ठेवणाऱ्या पातळ घटांच्या चळती रचून, थेट रासायनिक क्रियेतून ४.५ मेगावॉट वीज काढायची होती. ऐन वस्तीत, आवाज आणि काजळी न करता वीज तयार होऊ शकते, हे कॉन एडिसन कंपनीला शहराला दाखवून द्यायचं होतं. पण इंधन नाफ्था आणि आजूबाजूला दाट वस्ती. अग्निशमन विभागाने चाचणीमागून चाचणी मागितली. सगळ्या परवानग्या हातात पडेपर्यंत १९८४ साल उजाडलं आणि तोवर पडून राहिलेल्या चळतींची मुदत संपली होती. त्या केंद्रातून एक युनिटही वीज बाहेर पडली नाही.

अगदी त्याच आराखड्याचं दुसरं केंद्र टोकियोजवळ गोई इथे बांधलं गेलं. ते १९८३ मध्ये वीज देऊ लागलं आणि १९८५ पर्यंत दोन हजारांहून अधिक तास चाललं. १९९१ मध्ये गोईलाच ११ मेगावॉटचं केंद्र उभं राहिलं. घट तेच, शास्त्र तेच. एका शहरात ते परवानगीची वाट पाहत संपले, दुसरीकडे चालले.

इंधनघटांचा पुढचा सगळा इतिहास मला या दोन केंद्रांत दिसतो. घट चालतो की नाही, हा प्रश्न फार पूर्वीच सुटला होता. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून वीज मिळवून दाखवली होती. १९६० च्या दशकात अपोलो यानांना वीज आणि पिण्याचं पाणी याच घटांनी पुरवलं. अडलं ते बाजारात उतरताना. यानासाठी खर्चाची फिकीर नव्हती, शिवाय शुद्ध हायड्रोजन टाकीत भरून नेता येत होता. इस्पितळाच्या मागच्या अंगणात मात्र येतो तो पाइपातला नैसर्गिक वायू.

आणि हा वायू घटाला तसाच्या तसा चालत नाही. गळती नाकाला कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त वास मिसळलेला असतो. माणसाला वाचवणारा तो गंधक उत्प्रेरकाला मात्र मारतो, म्हणून आधी तो काढून टाकायचा. मग वाफेबरोबर वायू तापवून हायड्रोजन सुटा करायचा. त्या क्रियेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तोही घटातल्या प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाला बाधतो, म्हणून त्यालाही पुढच्या पायरीवर बदलायचं. एका घटातून भाराखाली जेमतेम ०.७ व्होल्ट मिळतं, त्यामुळे शेकडो घट एकावर एक रचायचे आणि निघालेला एकदिश प्रवाह प्रत्यावर्ती करायचा. फॉस्फोरिक आम्लाचे घट २०० अंशांच्या आसपास काम करतात, पण शुद्ध आम्ल ४२ अंशांनाच गोठतं. म्हणजे यंत्र बंद असतानाही घट गरम ठेवावे लागतात. गिऱ्हाइकाने पैसे मोजायचे ते एकट्या घटाचे नव्हे, या अख्ख्या लहानशा रासायनिक कारखान्याचे.

हा कारखाना एका मोठ्या पेटीत बसवून विकण्याचं काम अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात झालं. पीसी२५ हे २०० किलोवॉटचं यंत्र १९९२ मध्ये विक्रीला आलं. किंमत किलोवॉटमागे साधारण ३००० डॉलर. ती निम्म्यावर आली तर बाजार खुला होईल, असा अंदाज होता. गॅस इंजिनं त्याहून कितीतरी स्वस्तात मिळत होती. किंमत उतरायला खप हवा आणि खप व्हायला किंमत उतरायला हवी, हा पेच अमेरिकी सरकारने किलोवॉटमागे १००० डॉलरचं अनुदान देऊन सोडवायचा प्रयत्न केला. अडीचशेवर यंत्रं विकली गेली, पण अपेक्षित उतार आला नाही.

तरी ज्यांनी ती घेतली, त्यांनी का घेतली हे पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या ओमाहा शहराच्या फर्स्ट नॅशनल बँकेने १९९९ मध्ये चार यंत्रं बसवली, कारण क्रेडिट कार्डांचे व्यवहार करणारे संगणक क्षणभरही बंद पडणं परवडणारं नव्हतं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या पोलीस ठाण्याला बागेतून नवी केबल खोदून आणणं महाग पडलं असतं, म्हणून तिथे पीसी२५ आलं. ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकेचा ईशान्य भाग अंधारात बुडाला, तेव्हा या ठाण्यातले दिवे चालू राहिले. इथे कोणी स्वस्त वीज विकत घेत नव्हतं, न जाणारी वीज घेत होतं. असे ग्राहक थोडेच असतात, पण सुरुवात त्यांच्यापासूनच होऊ शकते.

पीसी२५ बनवणाऱ्या यूटीसी पॉवर कंपनीची मालकी २०१३ मध्ये क्लिअरएज कंपनीकडे गेली. पुढच्याच वर्षी क्लिअरएजने दिवाळखोरी जाहीर केली आणि कोरियाच्या दूसान समूहाने ती मालमत्ता विकत घेतली. २०२० मध्ये कोरियातल्या देसान इथे पेट्रोरसायन कारखान्यांतून निघणाऱ्या हायड्रोजनवर चालणारं ५० मेगावॉटचं केंद्र सुरू झालं. त्यात ४४० किलोवॉटची ११४ यंत्रं आहेत, सगळी त्याच कनेटिकटच्या वंशातली. ज्या अभियंत्यांनी चार दशकं या घटांवर घालवली, त्यांच्या देशात तेवढा धीर धरणारं भांडवल मिळालं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जपानने निराळी वाट धरली. मोठी केंद्रं बाजूला ठेवून त्यांनी घराच्या भिंतीलगत उभं राहील असं, किलोवॉटभर किंवा त्याहूनही कमी क्षमतेचं यंत्र बनवलं. आधी तीन हजारांहून अधिक यंत्रं लोकांच्या घरी बसवून काही वर्षं त्यांची नोंद ठेवली, आणि मग २००९ मध्ये एने-फार्म या नावाने विक्री सुरू केली. त्यामागची जुळणी मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. घटातून विजेबरोबर उष्णताही निघते, आणि जपानी कुटुंबात रोज संध्याकाळी टब भरून गरम पाण्याने स्नान करायची रीत आहे. वाया जाणारी उष्णता टाकीत साठली आणि ती नेमकी लागते तिथे खर्ची पडली. विक्री केली गॅस कंपन्यांनी. विजेवर चालणारे हीट पंप त्यांची गिऱ्हाइकं पळवत होते, त्यामुळे हे यंत्र खपणं ही त्यांची स्वतःची गरज होती. सुरुवातीची किंमत ३० लाख येनच्या वर होती आणि सरकार त्यातले १४ लाख येनपर्यंत भरत असे. मग किंमत उतरेल तसतसं अनुदानही कमी होत गेलं. २०११ च्या भूकंपानंतर वीज गेल्यावरही चालणारी मॉडेलं आली. दहा वर्षांत तीन लाखांवर घरांत ही यंत्रं पोहोचली. पुढची उद्दिष्टं याहून कितीतरी मोठी होती आणि ती हुकली, तरी इतक्या घरांत इंधनघट नेणं दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

आता या धंद्याला डेटा सेंटरांनी नवा उठाव दिला आहे. तिरुचिरापल्लीला अभियांत्रिकी शिकलेल्या के. आर. श्रीधर यांची ब्लूम एनर्जी घन ऑक्साइडचे, खूप उच्च तापमानाला चालणारे घट विकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवरने तिच्याशी एक गिगावॉटपर्यंतच्या घटांचा करार केला. ग्रिडची जोडणी मिळायला वर्षं लागतात, ही यंत्रं काही महिन्यांत उभी राहतात. मात्र त्यांत ज्वलन होत नसलं तरी इंधन बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूच आहे आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच. कोळशाच्या मानाने तो बराच कमी, पण त्यांना सरसकट स्वच्छ म्हणणं मला पटत नाही.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सीएसआयआरच्या (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या) स्थापनादिनी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते ५ किलोवॉटच्या देशी इंधनघट यंत्रणेचं अनावरण झालं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि पुण्याचीच थरमॅक्स कंपनी त्यात सहभागी होत्या. मिथेनॉल किंवा जैविक मिथेनवर चालणाऱ्या या उच्च तापमानाच्या घटांच्या जातीत तेच फॉस्फोरिक आम्ल असतं, फक्त ते बहुवारिकाच्या पडद्यात मुरवलेलं असतं. पडदा, उत्प्रेरक, चळत हे सगळं इथे करता येतं, हे त्या दिवशी दिसलं. आपल्या मोबाइल टॉवरांखाली डिझेलचे जनरेटर धडधडतात, लहान इस्पितळांत आणि बँकांच्या शाखांत वीज गेली की तीच घरघर सुरू होते. ओमाहाच्या बँकेसारखा, न जाणाऱ्या विजेसाठी जादा पैसे मोजणारा ग्राहक हाच. अशी पहिली काही हजार यंत्रं टॉवर कंपन्यांनी आणि सरकारी इस्पितळांनी आगाऊ नोंदवावीत, आणि जपानसारखं दरवर्षी घटत जाणारं अनुदान त्यांना आधीच जाहीर करून द्यावं. बाकीचं काम पुण्याच्या अभियंत्यांना येतं.