मनगटावरून थेट बोटावर!

सॅमसंगच्या गॅलेक्सी रिंगचं वजन मापाप्रमाणे २.३ ते ३ ग्रॅम. एवढ्याशा कड्यात बॅटरी, नाडी टिपणारे दिवे, त्वचेचं तापमान मोजणारा सेन्सर, हालचाल ओळखणारी चिप आणि ब्लूटूथ, आणि वर टायटॅनियमचं कवच! सगळ्यात लहान मापातली बॅटरी फक्त १८ एमएएचची. आपल्या फोनची साधारण ५,००० ची असते. तरी कंपनी ती मापाप्रमाणे सहा-सात दिवस पुरण्याचा दावा करते, कारण अंगठीला पडदाच नाही. स्मार्टवॉचच्या बॅटरीतला मोठा घास पडदा खातो.

दिल्ली-एनसीआरला या स्मार्ट अंगठ्यांचं माहेर म्हणता येणार नाही, पण सासर नक्की म्हणता येईल. माहेर फिनलंडमधलं औलू शहर. तिथे २०१३ मध्ये ओउरा कंपनी सुरू झाली. २०२० मध्ये कोविडच्या काळात अमेरिकेतल्या एनबीएचे बास्केटबॉलपटू फ्लोरिडात एका जागी राहून खेळले, तेव्हा खेळाडूंना हीच अंगठी देऊ केली होती आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. आपल्याकडे २०२३ मध्ये गुरुग्रामच्या नॉइज कंपनीने लूना रिंग आणली. त्याच वर्षी बोट (boAt) कंपनीची अंगठी ८,९९९ रुपयांना आली. बोटचे एक संस्थापक अमन गुप्ता दिल्लीचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगची आली, ३८,९९९ रुपयांना. बेंगळुरूची अल्ट्राह्युमन यांच्या आधीपासून मैदानात आहेच. काही हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत पसरलेला हा बाजार आहे, त्यामुळे ‘स्मार्ट रिंग’ एवढंच ऐकून पैसे मोजू नका.

बोटच का? हॉस्पिटलात गेल्यावर नर्स ऑक्सिमीटरचा चिमटा मनगटाला लावत नाही, बोटाला लावते. बोटाच्या दोन्ही कडांनी रक्तवाहिन्या जातात, तळहाताकडची कातडी केसाळ नसते आणि प्रकाश सहज आत शिरतो. प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त थोडं वाढतं, मग ओसरतं. तेवढ्याने परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो आणि त्यावरून नाडी कळते. अंगठी उलटी करून आतून पाहा: बऱ्याच अंगठ्यांत गुळगुळीत कड्यावर बारीक उंचवटे दिसतील. दिवे आणि प्रकाश टिपणारे डोळे तिथेच असतात. ते उंचवटे तळहाताच्या बाजूला राहायला हवेत. अंगठी फिरून वर आली की आकडे बिघडतात.

दिल्लीकरांना बोटाचं हे मोल वेगळं सांगायला नको. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये इथल्या घराघरात बोटाला ऑक्सिमीटर लावून रात्री काढल्या गेल्या. त्याच्या थोडं आधीच अमेरिकेत एक महत्त्वाचा इशाराही दिला गेला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं की सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो. अंगठीही प्रकाशावरच चालते, म्हणून धाप लागत असेल तर अंगठीचा आकडा बघत बसू नका, डॉक्टरकडे जा.

जानेवारीतली परीक्षा. पहाटे चार-पाच अंशांत लोदी गार्डनला फिरायला जाणाऱ्यांचं मनगट स्वेटर, जाकीट आणि वर हातमोजा यांच्या खाली गाडलेलं असतं. घड्याळ बघायचं तर तीन बाह्या सरकवा! अंगठी हातमोज्यात निवांत बसते. पण थंडी तिचीही फिरकी घेते. गारठ्याने बोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि नाडीचा माग पुसट होतो. लोकरी हातमोजा म्हणूनच दुहेरी कामाचा: बोटही उबदार, आकडेही बरे. मे-जूनमध्ये नेमकं उलट. उकाड्याने बोटं फुगतात आणि जानेवारीत सैल असलेली अंगठी रुतायला लागते.

त्यामुळे माप घेणं हा या खरेदीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. सोनाराकडचा आकडा इथे चालत नाही. बहुतेक कंपन्या अमेरिकन मापं वापरतात. चांगल्या कंपन्या आधी प्लास्टिकच्या नमुना-अंगठ्यांचा डबा पाठवतात. त्यातली एक पूर्ण दिवसरात्र घाला. भांडी घासा, झोपा, सकाळी उठून बघा. घरात कणीक मळणाऱ्या व्यक्तीने तर हे नक्की करावं, कारण उंचवट्यांच्या खाचेत पीठ अडकलं की अंगठी काढून धुवावी लागते आणि घट्ट अंगठी बोटावरून निघता निघत नाही. पोळ्या लाटताना हात पुढे-मागे होतात, ती पावलं म्हणूनही मोजली जाऊ शकतात. भाजीची ट्रॉली ढकलताना याच्या उलट होतं: पाय चालतात, हात स्थिर, पावलं गायब.

पुष्कराजाशी भांडण. बहुतेक कंपन्या सांगतात, अंगठी तर्जनीत घाला. आता तर्जनी हे गुरूचं बोट, पुष्कराजाची हक्काची जागा! करोल बागेतून घडवून आणलेला खडा तिथे आधीच बसला असेल तर मधलं बोट किंवा अनामिका चालते, माप मात्र त्या बोटाचं घ्यायचं. गंमत म्हणजे खड्याची अंगठी खालून उघडी ठेवतात, कारण रत्न कातडीला टेकलं पाहिजे अशी श्रद्धा. सेन्सरचीही अट तीच आहे.

व्यायामात अंगठी दंडबैठकांपर्यंत ठीक. डंबेल, पुल-अप्स, बारबेल यांच्या वेळी अंगठी काढून ठेवा. लोखंडी दांड्याची खरखरीत नक्षी टायटॅनियमवर चरे पाडते, आणि दांडा व बोट यांच्यात अंगठी दबली की कातडीला चिमटा बसतो. त्याहून गंभीर म्हणजे अंगठी कुठेतरी अडकून बोट ओढलं जाणं. अमेरिकन टीव्हीवरचा सूत्रसंचालक जिमी फॅलन २०१५ मध्ये स्वयंपाकघरात पडताना साध्या लग्नाच्या अंगठीने बोट गमावता गमावता वाचला. कित्येक तास शस्त्रक्रिया करावी लागली. मनगटावरच्या पट्ट्याने असं होत नाही.

धावणाऱ्यांनो, तुमचं घड्याळ विकू नका. या अंगठ्यांत जीपीएस नसतं, पळता पळता वेग दाखवायला पडदाही नसतो. दिल्ली हाफ मॅरेथॉनची तयारी करायची तर घड्याळच हवं. रोजच्या चालण्याला मात्र अंगठी पुरते. एअरपोर्ट मेट्रोच्या धौला कुआँवरून पिंक लाइनला जाणारा स्कायवॉक घ्या: सव्वा किलोमीटरच्या आसपास, सरकत्या पट्ट्यांसकट. पट्टा सोडून पायी गेलात तर पंधराशेच्या वर पावलं एका दमात! पलीकडच्या स्टेशनचं नाव आहे दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, रायगडाजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख यांच्या त्या पत्नी. स्वतः संविधान सभेच्या सदस्य. दिल्लीतल्या मराठी माणसाने तिथे दोन मिनिटं थांबावंच. आणि रोज १०,००० पावलांचा हट्ट धरू नका. तो आकडा १९६५ मध्ये जपानच्या यामासा कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ केला, डॉक्टरांनी नव्हे.

अंगठीचं खरं राज्य रात्रीचं. मनगटावर जड काही नाही, कूस बदलताना पडदा डोळ्यांवर चमकत नाही. नाडी, ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार, त्वचेचं तापमान आणि हालचाल यांवरून ती झोपेचा अंदाज बांधते. अंदाजच, कारण झोपेच्या पायऱ्या नक्की ठरवायच्या तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात. २०१७ मध्येच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की यंत्रातला झोपेचा आकडा सुधारण्याच्या काळजीनेच काही जणांची झोप उडाली. सेन्सर चुकतो, हे दिल्लीने मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. २९ मे २०२४ ला मुंगेशपूरच्या हवामान केंद्राने ५२.९ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने तपासलं तर सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. शंका आली ती इतर केंद्रांशी ताडून पाहिल्यामुळे. आपणही एका रात्रीच्या आकड्यावर जाऊ नये, महिनाभराचा कल बघावा. माझ्या मते चाळिशीपुढच्या, अपुऱ्या झोपेने थकलेल्या नोकरदाराला अंगठीचा सगळ्यात जास्त उपयोग आहे. पावलं मोजायला एवढे पैसे घालायची गरज नाही.

सुई न टोचता साखर मोजते, असं कुठल्या अंगठीच्या जाहिरातीत दिसलं तर तिथूनच परत फिरा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घड्याळं आणि अंगठ्या दोन्हींची नावं घेऊन बजावलंय: त्यांनी असं एकही उपकरण मंजूर केलेलं नाही. त्या आकड्यावर इन्सुलिन घेणं जिवावर बेतू शकतं.

हरवलीच तर? शकुंतलेची अंगठी तीर्थात पडली आणि माशाच्या पोटातून कोळ्याच्या हाती लागली. गॅलेक्सी रिंग फोनवरून शोधता येते, आतले दिवे लुकलुकवता येतात, पण त्यासाठी ती फोनच्या आसपास हवी आणि चार्ज असायला हवी. थंडीत बोटं बारीक होतात, आणि हातमोजा ओढून काढताना अंगठीही त्याच्याबरोबर निघते. हातमोजा झटकण्याआधी आत बोट घालून चाचपून बघा.